तोट्याला मुदत असते, घसाऱ्याला नसते

ताई, स. न. वि. वि.

रबाळे एमआयडीसीत आमची बाटल्यांची प्लॅस्टिकची बुचं बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. भाड्याचा गाळा, चार मोल्डिंग मशीन, चौदा माणसं. शेअर माझे ४५ टक्के, पत्नीचे १५ आणि कॉलेजपासूनच्या मित्राचे ४०. २०२१-२२ पासून सलग पाच वर्षं तोटा आहे. प्लॅस्टिकच्या दाण्याचे भाव वर गेले, एक मोठं गिऱ्हाईक तुटलं, बाकी तुम्ही समजू शकता.

आता तीन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. पहिली, नवे सीए म्हणतात की गेल्या वर्षीच्या ताळेबंदातली ३१ लाखांची 'डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट' ही, पुढे वाचणारा कर आजच मालमत्ता म्हणून दाखवणारी, नोंद काढून टाकावी लागेल. ती काढली तर नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) उणे होते आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं नूतनीकरण जुलैत आहे. दुसरी, घणसोलीचे एक ओळखीचे गृहस्थ १ कोटी २० लाख घालायला तयार आहेत, पण त्यांना ६० टक्के हवेत. मित्र म्हणतो, आपला दीड कोटीचा तोटा हीच आपली इस्टेट आहे, ती घालवू नकोस. तिसरी, २०२२-२३ चं रिटर्न १८ नोव्हेंबर २०२३ ला भरलं गेलं. अकाउंटंट मध्येच सोडून गेला होता, डेटा त्याच्याकडे आणि माझी डीएससी (डिजिटल सही) संपलेली. लेट फी भरली आहे, त्यामुळे ते प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो आहे. सासरे तर म्हणतात, तोटाच आहे तर रिटर्नची एवढी घाई कशाला!

वर्षावर्षाचे आकडे आणि ताळेबंदाचा फोटो जोडला आहे. आम्ही २२ टक्के कराचा पर्याय घेतलेला आहे. खरं काय ते स्पष्ट सांगा.

एक संचालक, ऐरोली

*

नमस्कार दादा,

स्पष्ट सांगायला सांगितलंत, तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही तो शेवटी, ओझरता लिहिलाय, पण पैसे तिथेच गेलेत.

आयकर कायद्याच्या कलम १३९(१) प्रमाणे कंपनीला नफा असो की तोटा, रिटर्न भरावंच लागतं. मुदत ३१ ऑक्टोबर. परदेशी व्यवहारांचा ट्रान्सफर प्रायसिंग अहवाल लागणाऱ्या कंपन्यांना ३० नोव्हेंबर, पण तुमचा त्याच्याशी संबंध नाही. मुदत उलटल्यावर भरलेलं रिटर्न रद्द होत नाही, ते वैधच असतं. म्हणूनच फसगत होते. पोर्टल रिटर्न घेतं, पावती देतं, तुमच्यासारख्या शून्य उत्पन्नावर लेट फी फक्त हजार रुपये लावतं, आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण कलम ८० सांगतं की मुदतीत न भरलेल्या रिटर्नमधला धंद्याचा तोटा पुढे नेता येत नाही. हजार रुपये भरून त्या वर्षीचा तुमचा १९ लाखांचा तोटा गेला. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की घाई नफेवाल्यापेक्षा तोटेवाल्यालाच जास्त हवी. नफेवाला उशीर झाला तर व्याज भरून मोकळा होतो.

कधीकधी सरकार मुदत वाढवतं. २०२२ मध्ये कंपन्यांना ७ नोव्हेंबर मिळाली होती, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर. २०२३ मध्ये मात्र तुमच्यासारख्या कंपनीला ३१ ऑक्टोबरच होती. तेव्हा १८ नोव्हेंबर म्हणजे अठरा दिवस उशीर, त्यात तडजोड नाही.

तरी दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. प्रत्यक्ष कर मंडळाचं १ ऑक्टोबर २०२४ चं ११/२०२४ हे परिपत्रक त्यासाठी आहे. दावा एक कोटीपर्यंतचा असेल तर निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांच्या पातळीवर होतो, आणि अर्ज कर निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो. तुमचं ते वर्ष २०२३-२४, म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. पण वेळ आहे म्हणून थांबू नका. अकाउंटंटने सोडल्याचा ईमेल, डेटा मागितल्याचे मेसेज, डीएससी संपल्याची आणि नवी काढल्याची तारीख, ऑडिट अहवालावरची सही कधीची आहे ते, सगळं आत्ताच एका फाइलमध्ये लावा. खरी अडचण होती हे कागदावरून दिसलं तर अर्जाला अर्थ आहे. नुसतं 'कामाचा व्याप होता' असं लिहिणार असाल तर फी वाचवा. डीएससी संपली हे एकटं कारण मला लंगडं वाटतं, कारण नवी काढायला दोन दिवस लागतात. अकाउंटंट डेटा घेऊन गेला हे मात्र वजनदार आहे, त्यावर जोर द्या.

आता त्या वर्षाचा दुसरा आकडा बघा. तोटा १९ लाख, आणि घसाराही १९ लाख. घसारा, म्हणजे मशिनांच्या झिजेपोटी दर वर्षी धरायचा खर्च, गेलेला नाही. कलम ८० ची कात्री धंद्याच्या तोट्यावर चालते, नफा नसल्याने न वापरलेल्या घसाऱ्यावर चालत नाही. तो कलम ३२(२) खाली वेगळा चालतो, उशिरा भरलेल्या रिटर्नमधूनही पुढे जातो, आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही.

तुमच्या मित्राची 'दीड कोटीची इस्टेट' इथे दोन ढिगांत वाटायला हवी. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मी मांडणी केली. धंद्याचा तोटा, घसारा धरायच्या आधीचा: २०२१-२२ मध्ये १४ लाख, मग १९, ११, ८ आणि नुकत्याच संपलेल्या २०२५-२६ मध्ये ५. बेरीज ५७ लाख. आयकराचा घसारा: २२, १९, १६, १४, १२. बेरीज ८३ लाख. एकूण १ कोटी ४० लाख, म्हणजे मित्राने थोडं फुगवून सांगितलं, पण फार नाही. यातला ५७ चा ढीग नाशवंत आहे. प्रत्येक वर्षाचा तोटा पुढची आठ कर निर्धारण वर्षं चालतो. २०२१-२२ चे १४ लाख २०२९-३० च्या नफ्यापर्यंत वापरता येतील, त्यानंतर ते संपले. १९ लाख माफीचा अर्ज मंजूर झाला तरच, म्हणजे सध्या हा ढीग ३८ चा धरा. ८३ चा ढीग टिकाऊ आहे, लोणच्यासारखा.

वापरायचा क्रमही कायद्यानेच ठरवलाय आणि तो करदात्याच्या सोयीचा आहे. समजा २०२७-२८ मध्ये घसाऱ्याआधी २० लाख नफा झाला. आधी त्या वर्षाचा चालू घसारा जाईल, तुमच्या मशिनांवर तेव्हा तो साधारण ९ लाख असेल. राहिले ११ लाख. त्यांवर आधी जुना धंद्याचा तोटा वळता होईल, म्हणजे त्यांतून वजा होईल, सर्वांत जुन्या वर्षापासून, म्हणजे १४ मधले ११. जुन्या घसाऱ्याला त्यानंतरच हात लागतो. नाशवंत आधी खायचं, लोणचं नंतर.

आणखी एक फरक. मागच्या वर्षांचा धंद्याचा तोटा फक्त धंद्याच्या नफ्यावर वळता होतो. बँक गॅरंटीसाठी ठेवलेल्या एफडीचं व्याज तुमच्याकडे आहे, त्यावर तो चालत नाही. जुना घसारा चालतो, आणि चालू वर्षाचा तोटाही चालतो. तेव्हा त्या व्याजावर कर भरावा लागेल का, ही काळजी सोडा.

घसारा घ्यायचाच नाही, नफा येईल तेव्हा घेऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आयकरात घसारा ऐच्छिक नाही. तुम्ही मागा न मागा, तो धरलाच जातो.

आता ३१ लाखांकडे येते. फोटो मोठा करून पाहिला. मालमत्तेच्या बाजूला, ठेवींच्या खाली, एका ओळीत 'डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट ३०,९५,६६४'. हा आकडा कुठून आला ते शोधायला मला कॅलक्युलेटर दोनदा दाबावा लागला. मार्च २०२५ पर्यंतचा तोटा ५२ लाख, घसारा ७१ लाख, बेरीज १ कोटी २३ लाख. त्याला २५.१६८ टक्क्यांनी गुणलं. २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर, मिळून हा दर होतो. गुणाकार बरोबर आहे. बाकी काहीच बरोबर नाही.

एक तर त्यात ते गेलेले १९ लाखही धरलेत. जो तोटा पुढे नेताच येत नाही त्याच्यावर भविष्यात कर कसा वाचणार? पावणेपाच लाख रुपये तिथेच हवेत गेले.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. तुमच्या आकाराच्या कंपनीला लेखा मानक २२ लागू आहे. ते म्हणतं, पुस्तकातल्या आणि आयकरातल्या हिशेबाच्या साध्या फरकांवर डिफर्ड टॅक्सची मालमत्ता दाखवायला पुढे नफा होण्याची वाजवी खात्री पुरते. पण पुढे ओढलेला तोटा किंवा घसारा असेल तर 'व्हर्च्युअल सर्टन्टी' हवी, म्हणजे जवळजवळ पक्की खात्री, आणि तिला पटण्याजोग्या पुराव्याचा आधार. पुरावा म्हणजे काय, हेही मानकाने उदाहरणाने सांगितलंय. रद्द केल्यास समोरच्याला जबर भरपाई द्यावी लागेल अशी, नफ्याची, बांधून घेतलेली निर्यातीची ऑर्डर चालेल. कर्जासाठी बँकेला दिलेले आणि बँकेने मान्यही केलेले नफ्याचे अंदाज केवळ त्यांच्या जोरावर चालणार नाहीत. तुमच्याकडे काय आहे? तुम्ही आकड्यांसोबत लिहिल्याप्रमाणे, 'पुढच्या वर्षी एक पाणीवाली कंपनी ऑर्डर देईल असं तोंडी ठरलंय.' बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्या म्हणीतल्या भटजींनी तुरी निदान ताळेबंदात तरी दाखवल्या नव्हत्या.

म्हणून नवे सीए बरोबर आहेत. मागच्या ऑडिटरने सही कशी केली याच्या मागे लागू नका. कधीकधी बँकेच्या तारखेच्या दडपणाखाली अशा सह्या होतात, मी या धंद्यात बरीच वर्षं आहे.

मात्र सगळे ३१ लाख पुसायचे का, हा प्रश्न त्यांना नीट विचारा. तुमच्या पुस्तकात घसारा सरळ रेषेने धरलाय, आयकरात घटत्या किमतीवर १५ टक्क्यांनी. त्यामुळे पुस्तकात मशिनांची किंमत आयकरापेक्षा २४ लाखांनी जास्त दिसते. या फरकावर सुमारे ६ लाखांची डिफर्ड टॅक्स देणी (पुढे भरावा लागणारा कर) बसतात, आणि ती ताळेबंदात दाखवलेलीच नाहीत! हा फरक पुढे उलटत जाईल तसं तेवढं करपात्र उत्पन्न आपोआप तयार होईल, म्हणून साधारण तेवढ्यापुरती मालमत्ता समोर मांडता येते. सहा देणी, सहा मालमत्ता, निव्वळ शून्य. परिणाम तोच, पण ताळेबंदाच्या टिपेत याची मांडणी झाली तर पुढे नफा दिसू लागल्यावर उरलेली रक्कम आणायला पाया तयार राहतो. मानकाप्रमाणे दर ताळेबंदाच्या तारखेला हे पुन्हा तपासायचंच असतं. आज काढलेली नोंद कायमची गेली असं नाही. आणि आयकर विभागाकडे पुढे ओढलेला तोटा या नोंदीवर अवलंबून नाही. नोंद पुसली म्हणून तुमचा हक्काचा एक रुपयाही कमी होत नाही. हे मित्राला दोनदा समजावून सांगा, कारण त्याच्या डोक्यात हे दोन्ही एकच आहेत असं पत्रावरून वाटतं.

बँकेचं काय? भांडवल ९० लाख, दाखवलेली नेटवर्थ २२ लाख. ३१ काढले की उणे ९. यंदाचा पुस्तकी तोटा १५ लाखांच्या आसपास, म्हणजे उणे २४. हे वाचून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण बँकेचा क्रेडिट ऑफिसर मूर्ख नसतो. मूर्त नेटवर्थ काढताना बहुतेक बँका डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट स्वतःच वजा करतात. गेल्या वर्षी तुमची कर्जमर्यादा टिकली ती त्या ओळीमुळे टिकली असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. गिऱ्हाइकांची वसुली वेळेवर होती आणि व्याज थकलेलं नव्हतं, म्हणून टिकली असावी.

खरी नेटवर्थ वाढवायची तर तुमच्याच ताळेबंदात २८ लाख पडून आहेत: संचालकांचं विनातारण कर्ज. ते शेअरमध्ये बदला. मूल्यांकनाचा दाखला, ठराव, पीएएस-३ (शेअरवाटपाचा फॉर्म), हे सीएस (कंपनी सेक्रेटरी) करून देतील. उणे २४ मध्ये २८ घातले की ४ लाख अधिक. मोठी रक्कम नाही, पण खरी आहे. तुम्ही तिघांनी आपापल्या प्रमाणात केलंत तर मालकीही हलत नाही. नूतनीकरणाआधी ते जमत नसेल तर निदान बँकेला लिहून द्या की बँकेचं कर्ज असेपर्यंत हे २८ लाख काढणार नाही. अनेक बँका मग ते भांडवलासारखे धरतात.

आणि बँकेसमोर १९, ११, ८, ५ हे चार आकडे ठेवा. चार वर्षांत रोखीचा तोटा जवळपास चौथाईवर आला, तोही मोठं गिऱ्हाईक गेल्यावर. वीज बिल, दाण्याचा दर आणि मशीनचे तास महिन्यावार लावून हा उतार का आला ते एका पानावर लिहा. त्या ३१ लाखांच्या ओळीपेक्षा हे पान तुमच्या बाजूने जास्त बोलेल.

घणसोलीच्या गृहस्थांचा प्रस्ताव. इथे कलम ७९ येतं. जनतेचा भरणा नसलेल्या, म्हणजे तुमच्यासारख्या कंपनीसाठी ते सांगतं की ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आणि ज्या वर्षी तो वळता करायचा त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, किमान ५१ टक्के मताधिकाराचे शेअर त्याच माणसांकडे असायला हवेत. त्यांना ६० दिलेत तर तुम्हा तिघांकडे उरतात ४०. मग जुना धंद्याचा तोटा वापरता येणार नाही.

पण किती रुपयांचं नुकसान? ३८ लाखांचे २५.१६८ टक्के, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास कर, तोही पुढे पुरेसा नफा झाला तर. ८३ लाखांचा घसारा सुरक्षित राहतो, कारण कलम ७९ तोट्याबद्दल बोलतं आणि न वापरलेला घसारा त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरलेलं आहे. त्याची किंमत जवळपास २१ लाखांचा कर. मित्राची 'इस्टेट' बरीचशी शाबूत आहे. साडेनऊ लाखांच्या, तेही 'झालाच तर' असलेल्या बचतीसाठी रोख १ कोटी २० लाख परत पाठवू नका. भाव करताना मात्र हे साडेनऊ लाख टेबलावर ठेवा.

त्यांना ६० टक्के नफ्यात हवेत की हुकमात, हेही विचारून घ्या. ४९ टक्के साधे शेअर आणि उरलेली रक्कम मताधिकार नसलेल्या प्रेफरन्स शेअर किंवा डिबेंचरमध्ये, अशी रचना केली तर ५१ टक्के मतं तुमच्याकडे राहतात आणि तोटाही राहतो. फक्त ती कागदावर एक आणि वागणुकीत दुसरी असू नये. आतून वेगळा करार करून सगळे निर्णय त्यांच्या हाती दिले असतील तर उद्या अधिकारी विचारणारच. ते हुकमावरच अडून बसले, तर तोट्यापेक्षा मोठा प्रश्न हा की चौदा माणसांचा पगार कोण ठरवणार. त्याचं उत्तर आयकराच्या कायद्यात नाही.

मित्र कंटाळून बाहेर पडला आणि त्याचे ४० टक्के तुम्ही घेतलेत, तर काळजी नको. तुमचे आणि वहिनींचे मिळून ६० आधीपासून आहेतच. शेअर नातेवाइकाला बक्षीस दिले किंवा मृत्यूनंतर वारसाकडे गेले, तर त्या बदलाने हे कलम आड येत नाही. मुलाला विकले तर येतं. आमच्या घरात हा फरक ज्या वर्षी कळला त्या वर्षी फार उशीर झाला होता. काकांचा वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना होता, मुलाने फुकट घेऊ नये या बाण्याने त्यांनी त्याला बहुतेक शेअर रीतसर विकत दिले, चेकने. मुलाने धंदा वर काढला आणि जुना तोटा असूनही पहिल्याच नफ्यावर भरभक्कम कर भरला. बाणा महाग पडला.

पत्रात नसलेल्या, पण आकड्यांत दिसलेल्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगते.

जॉबवर्कच्या बिलांवर गिऱ्हाइकं २ टक्के टीडीएस कापतात, वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि रिफंड पुढच्या वर्षी येतो. कर शून्य असताना हे पैसे सरकारकडे का ठेवायचे? कमी किंवा शून्य दराने कापण्याचा दाखला मिळतो. जुन्या कायद्यात तो कलम १९७ आणि फॉर्म १३ चा विषय होता, नव्या कायद्यातही सोय आहे. दाखला मागच्या तारखेपासून लागू होत नाही, म्हणून या महिन्यातच अर्ज करा. सव्वादोन लाख म्हणजे तुमच्या यंदाच्या तोट्याचा जवळपास निम्मा रोख आकडा आहे.

पीएफमधला कामगारांचा हिस्सा दोन महिने उशिरा भरलेला दिसतो. १९६१ च्या कायद्यात तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर गेला तर खर्च कायमचा नामंजूर, नंतर भरला तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात हे पक्कं केलं. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा आहे तो, वापरायला आपला नव्हेच.

साचे बनवणाऱ्याचे ३ लाख मार्चअखेर थकलेले आहेत. तो उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग असेल आणि ४५ दिवस उलटून गेले असतील (लेखी करार नसेल तर १५), तर कलम ४३ब(ज) खाली ते या वर्षी खर्चात धरता येणार नाहीत. यंदाचा तोटा ५ वरून २ वर येईल, आणि ३ लाख ज्या वर्षी द्याल त्या वर्षी खर्चात पडतील. कुणीतरी हुशार तुम्हाला सांगेल की बरंच झालं, त्या ३ लाखांची आठ वर्षं नव्याने सुरू होतील. गणित खरं आहे, पण लघुउद्योगाला उशिरा दिल्याबद्दल बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि ते व्याज खर्चात धरता येत नाही. शिवाय साचेवाला पुढच्या वेळी तुमचा साचा शेवटी करेल. पैसे देऊन टाका.

मी वर १९६१ च्या कायद्याचे क्रमांक दिलेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात क्रमांक बदललेत. पण २०२५-२६ चं तुमचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली, आयटीआर-६ मध्येच भरायचं आहे. त्यातल्या पुढे ओढलेल्या तोट्याच्या तक्त्यात प्रत्येक वर्षासमोर रिटर्न भरल्याची तारीख लिहावी लागते. २०२२-२३ समोर १८ नोव्हेंबरच लिहा आणि तो तोटा पुढे ओढू नका. माफी मिळेपर्यंत तिथे दुसरी कुठलीही तारीख घालणं म्हणजे नोटिशीला आमंत्रण. आणि दर वर्षी रिटर्ननंतर जी १४३(१) ची सूचना येते तीत तोटा आणि घसारा हे दोन्ही आकडे वेगवेगळे आलेत का ते स्वतः बघा, अकाउंटंटवर सोडू नका.

शेवटी एक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ताळेबंदाच्या कडेला, कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या निळ्या बुचांच्या शेजारी, तुमचं डीएससीचं टोकन दिसतंय. त्यावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने मुदत लिहिली आहे. झूम करून वाचली: सप्टेंबर २०२६. ३१ ऑक्टोबरच्या आधी संपतेय. ऑगस्टमध्येच नवी काढा.